विहिरीवर स्लॅब टाकण्यापूर्वी

गेल्या पालकसभेत दोन सूचना मांडल्या गेल्या. पहिली अशी, की शाळेच्या आवारातील जुन्या विहिरीवर स्लॅब टाकून त्यावर सायकली आणि स्कूटरींसाठी स्टँड करावा. दुसरी अशी, की संपूर्ण मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे पावसाळ्यात चिखल होणार नाही. दोन्ही सूचनांचे टाळ्यांनी स्वागत झाले. मीही टाळ्या वाजवल्या. घरी परतताना मात्र मनाला काहीतरी टोचत राहिले. अंतिम निर्णय विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत होणार आहे. त्याआधी माझे म्हणणे पालक, विश्वस्त आणि विद्यार्थी या सर्वांसमोर मांडावे, म्हणून हा लेख.

सूचना मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. पटसंख्या वाढली, वाहने वाढली, जागा तेवढीच राहिली. उघडी विहीर लहान मुलांसाठी धोक्याची, हेही खरे. पण धोका झाकला म्हणजे तो संपतो, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची किंमत आपल्या शहराने एकदा मोजली आहे.

30 मार्च 2023. रामनवमी. पटेल नगरातील बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होते. भाविक ज्या फरशीवर बसले होते, तिच्याखाली जुनी बावडी होती. अनेक वर्षांपूर्वी तिच्यावर छत घालून ती जागा मंदिराच्या वापरात घेतली गेली होती. वर्षानुवर्षे लोक तिथे आले, बसले, प्रसाद घेऊन घरी गेले. त्या दिवशी गर्दी अधिक होती. छत खचले आणि माणसे खाली पाण्यात आणि गाळात पडली. पाणी उपसत शोधकार्य रात्रभर चालले, लष्कराच्या जवानांनाही बोलवावे लागले. 36 जणांचे प्राण गेले. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुलेही होती. तिथल्या बांधकामाबद्दल नगर निगमाची नोटीस आधीच गेलेली होती. कागद हलला होता, स्लॅब मात्र जागच्या जागी होता.

त्या दिवशी पाऊस नव्हता, भूकंप नव्हता, वादळ नव्हते. निसर्गाने काहीही केले नव्हते. आपत्ती म्हटले की आपण आभाळाकडे पाहतो. वाढत्या शहरांतील बऱ्याच आपत्ती पायाखालून येतात, आणि त्यांचे मूळ एकाच गोष्टीत असते. शहर वाढताना जुने काहीतरी झाकले जाते, आणि पुढची पिढी ते तिथे आहे हेच विसरते.

आता आपल्या खजरान्याकडे पाहू. इंदुरातील मराठी घरांत लग्नाची पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला ठेवण्याची प्रथा आहे. तिळी चतुर्थीची गर्दी तर आपण सर्वांनी अनुभवली आहे. या गणपतीची जी कथा सांगितली जाते, ती मुलांना पाठ असेल. औरंगजेबाच्या काळात मूर्तीला धोका नको म्हणून ती विहिरीत लपवून ठेवली होती, पुढे होळकरांच्या काळात ती बाहेर काढून अहिल्याबाईंनी मंदिर बांधले, अशी ही कथा आहे. इतिहासकार तिची तपासणी करतील तेव्हा करोत. पण ज्या गावाचा देवच विहिरीतून वर आला असे मानले जाते, त्या गावात आपण विहिरी बुजवत सुटलो आहोत, हे विचार करण्यासारखे आहे.

खजराना हे मुळात गाव. गणपतीचे मंदिर, नाहर शाह वलींचा दर्गा, तलाव, विहिरी आणि सभोवती शेते. इंदूर तेव्हा दूर होते. 1951 मध्ये इंदूरची लोकसंख्या 3 लाखांच्या आसपास होती. 2001 मध्ये ती पावणेपंधरा लाखांच्या घरात गेली आणि 2011 मध्ये साडेएकोणीस लाखांच्या पुढे. 2014 मध्ये आणखी 29 गावे नगर निगमाच्या हद्दीत आली. रिंग रोड झाला, शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांच्या कॉलन्या झाल्या. ज्यांनी कष्टाच्या पैशातून इथे घर बांधले, त्यांचा यात दोष नाही. माणसाला डोक्यावर छप्पर हवेच. पण कॉलनीच्या नकाशावर रस्ता दिसतो, बगिचा दिसतो, प्लॉटचा नंबर दिसतो. पावसाचे पाणी पूर्वी कुठून वाहत होते, ते दिसत नाही. नकाशातून नाला गेला म्हणून पाणी आपली वाट सोडत नाही.

माळव्याची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून खोल उतरतो. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते. ते सामावून घेण्यासाठी नाले, तलाव आणि विहिरी होत्या. काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कातळ आहे. या कातळाच्या फटींत जे पाणी साठते, तेच आपल्या बोरिंगला येते. वरून सिमेंट आणि खालून बोरिंग, असा आपला दुहेरी व्यवहार चालू आहे. जमा काहीच नाही, खर्च मात्र रोजचा.

सातवी-आठवीच्या मुलांनी एक गणित करून पाहावे. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1 लिटर पाणी जमते. समजा एखादे मैदान 2,000 चौरस मीटरचे आहे. ऑगस्ट 2020 मध्ये इंदुरात एकाच दिवसात 10 इंचांहून अधिक, म्हणजे 250 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. तसा पाऊस पुन्हा झाला, तर त्या एका मैदानावर 5 लाख लिटर पाणी पडेल. 5,000 लिटरचे 100 टँकर! मातीचे मैदान त्यातले काही पिईल, काही थोपवून धरेल. सिमेंटमध्ये घट्ट बसवलेले ब्लॉक जवळजवळ सगळे पाणी फाटकाबाहेर ढकलतील. फाटकाबाहेर उतारावर कोणाची घरे आहेत? आपल्याच काही विद्यार्थ्यांची. वरच्या कॉलनीने फरशी घातली की खालच्या वस्तीत पाणी शिरते. आपला चिखल आपण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाठवतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे केवळ इंदूरचे दुखणे नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे आपल्या मुंबईच्या नातेवाइकांकडून आपण ऐकले आहे. त्याच दिवशी कुलाब्याला 100 मिलिमीटरसुद्धा पाऊस नव्हता. पाऊस विलक्षण होता, हे मान्य. पण मिठी नदीचे पात्र भराव टाकून आणि वस्ती वाढवून अरुंद केले होते, खाडीकाठची खारफुटी तोडून तिथे इमारती उभ्या केल्या होत्या. पाणी आपली जुनी जागा शोधत आले, तेव्हा तिथे माणसे राहत होती. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता हेही असेच उदाहरण. जमिनीखालचे पाणी इतके उपसले गेले, की शहराचा उत्तर भाग खचत समुद्रसपाटीखाली गेला. 2019 मध्ये त्या देशाने राजधानीच दुसऱ्या बेटावर हलवण्याचे जाहीर केले. राजधानी हलवता येते, तिथल्या लाखो गरीब कुटुंबांना मात्र कुठे हलता येत नाही.

आशियातील अशा वाढत्या शहरांचा विचार करून 2008 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने एक कार्यक्रम सुरू केला. हवामान बदलाला तोंड देण्याची शहरांची तयारी व्हावी, हा त्याचा उद्देश. सुरुवातीला चार देशांतील दहा शहरे निवडली गेली. व्हिएतनाममधील दा नांग, कॅन थो आणि क्वी न्यॉन, थायलंडमधील च्यांग राय आणि हात याय, इंडोनेशियातील सेमारांग आणि बांदार लाम्पुंग. भारतातून सुरत, गोरखपूर आणि आपले इंदूर. यांत एकाही देशाची राजधानी नाही. सगळी झपाट्याने वाढणारी शहरे. वाढीचा वेग मोठा आणि तयारी लहान, अशा शहरांतच पुढचे संकट मोठे असते.

सुरतेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. 1994 मध्ये तिथे प्लेगची साथ आली आणि देशभर त्या शहराची नाचक्की झाली. नंतर सुरत स्वच्छतेसाठी नावाजली गेली. तरी ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला. शहर स्वच्छ असले म्हणजे ते सुरक्षित असतेच असे नाही, हा धडा सुरतेने घेतला आणि धरणाच्या पाण्याची पूर्वसूचना लोकांपर्यंत लवकर पोहोचावी यासाठी यंत्रणा उभी केली.

आपल्यालाही हा धडा हवा आहे. 2017 पासून इंदूर सातत्याने देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले, याचा मला मनापासून अभिमान आहे. बाहेरगावी नातेवाईक कौतुक करतात, तेव्हा आपली मान उंच होते. ओला कचरा, सुका कचरा हे आपल्या मुलांनी घरच्या मोठ्यांना शिकवले. पण रस्त्यावरचा कचरा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो उचलला जातो. जमिनीखालचे दिसत नाही. 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. झाकलेली बावडी असो की पुरलेली पाइपलाइन, गोष्ट एकच. पायाखाली काय आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद आणि देखरेख नसेल, तर वरची चकचकीत फरशी आपल्याला वाचवत नाही.

त्या दहा शहरांच्या कार्यक्रमात इंदुरात जी कामे हाती घेतली गेली, त्यांत दोन तलावांच्या संवर्धनाचे काम होते. एक लसूडिया मोरीचा आणि दुसरा आपल्या खजरान्याचा. नर्मदेचे पाणी काही कारणाने बंद पडले, तर जवळचे तलाव अडचणीत उपयोगी पडावेत, असा त्यामागचा विचार होता. परदेशातील तज्ज्ञांना जो तलाव शहराचा आधार वाटतो, तो आपल्यातल्या किती मुलांनी काठावर उभे राहून पाहिला आहे?

नर्मदेचा उल्लेख आला, म्हणून थोडे सांगतो. 1970 मध्ये इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले आणि 1978 मध्ये ते पाणी शहरात आले. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर पार करून, विंध्याचा चढ चढून ते आपल्या नळाला येते. हे पाणी आले ही मोठी गोष्ट झाली. पण त्याचबरोबर घरची विहीर आपल्याला नकोशी झाली. आधी तिचे पाणी पिणे बंद झाले, मग तिच्यात कचरा पडू लागला, मग वास येऊ लागला आणि शेवटी कोणीतरी म्हणाले, झाकून टाका. आपल्या शाळेच्या विहिरीचाही हाच प्रवास झाला. मी इथे शिकत होतो, तेव्हा शिपाईकाका बादलीने तिचे पाणी शेंदून झाडांना घालत. आज माझ्या मुलीला त्या कोपऱ्यात विहीर आहे हे ठाऊक आहे. स्लॅब पडला तर तिच्या मुलांना ते ठाऊक नसेल. तिथे स्टँड असेल, पुढे कधीतरी स्टँडच्या जागी स्टेज होईल आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यावर मुले नाचतील. खाली काय आहे, हे सांगणारे तेव्हा कोणी उरलेले नसेल. पटेल नगरात याहून वेगळे काय झाले?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की स्लॅब इंजिनिअरच्या सल्ल्याने भक्कम घालू. आज भक्कम घालाल, हे मान्य. पण बंद विहिरीतल्या दमट हवेत लोखंड गंजते आणि सिमेंट खालून सुटत जाते, वरून मात्र काही कळत नाही. दर काही वर्षांनी खाली उतरून तपासणी कोण करणार? विश्वस्त बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, फाइल कपाटात राहते. दुसरा आक्षेप असा, की मग विहीर बुजवूनच टाका. पटेल नगरची बावडी दुर्घटनेनंतर मलबा टाकून भरण्यात आली. तिथल्या लोकांचे दुःख आणि संताप समजण्यासारखा आहे. पण प्रत्येक विहीर बुजवणे हा उपाय नव्हे. अपघात झाला म्हणून रस्ता कोणी खोदून टाकत नाही. शिवाय बुजवलेली विहीर म्हणजे पाणी जमिनीत उतरण्याचा बंद केलेला दरवाजा. पुढच्या उन्हाळ्यात आपणच टँकर मागवणार. तहान लागल्यावर विहीर खणणारे मूर्ख ठरतात, मग खणलेली विहीर बुजवून तहानेची वाट पाहणाऱ्यांना काय म्हणावे?

केवळ विरोध करून थांबणे योग्य नाही, म्हणून विश्वस्त मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

विहिरीवर स्लॅब नको. तिचा कठडा चांगल्या उंचीचा आणि मजबूत करावा, वर लोखंडी जाळी बसवावी आणि जाळीला कुलूप असावे. हवा खेळेल, विहीर दिसेल, पण मूल आत पडणार नाही. कठड्याच्या आणि आतल्या बांधकामाच्या स्थितीची तपासणी पावसाळ्यापूर्वी दरवर्षी जाणकार इंजिनिअरकडून व्हावी आणि त्या तपासणीचा कागद याच वार्तापत्रात छापावा, म्हणजे तो फाइलीत दडणार नाही.

शाळेच्या गच्चीचे पाणी गाळणीतून विहिरीत सोडावे. इंदूरचा सरासरी पाऊस वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. 500 चौरस मीटरच्या गच्चीवरून, काही पाणी वाया गेले असे धरले, तरी साडेतीन लाख लिटरहून अधिक पाणी जमिनीला परत देता येईल. पहिल्या पावसाचे पाणी मात्र बाहेर सोडावे, आणि विहिरीचे पाणी झाडांसाठी आणि धुण्यासाठीच वापरावे, पिण्यासाठी नाही.

संपूर्ण मैदानावर ब्लॉक नकोत. फाटकापासून वर्गापर्यंत येण्याजाण्याची वाट पक्की करावी, बाकी मैदान मुरुमाचे ठेवावे आणि उतार विहिरीपासून दूर, झाडांकडे काढावा. आठ दिवस चिखल झाला तर आईवडिलांना गणवेश जास्त वेळा धुवावा लागेल. तेवढा त्रास आम्ही पालक सोसू. वाहनांचे म्हणाल, तर एकाच कॉलनीतून येणाऱ्या मुलांनी वेगवेगळ्या स्कूटरींवर यायलाच हवे का, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारू.

आणि शेवटची सूचना विद्यार्थ्यांसाठी. आठवी-नववीच्या मुलांनी यंदा खजरान्याचा पाण्याचा नकाशा तयार करावा. जुन्या वस्तीतील आजी-आजोबांना भेटावे, दर्ग्याजवळच्या गल्ल्यांतील बुजुर्गांना विचारावे. विहिरी कुठे होत्या, कोणत्या झाकल्या, कोणत्या बुजवल्या, नाला कुठून जायचा, 2020 च्या पावसात पाणी कोणाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते, हे सारे टिपून घ्यावे. ही माहिती आज माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे थकत चालली आहेत. नकाशा तयार झाला की त्याची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावावी, एक नगर निगमाच्या झोन कार्यालयात द्यावी. अर्थात मुलांनी कोणत्याही विहिरीजवळ एकटे जाऊ नये, सोबत शिक्षक असावेतच.

मुलांच्या नकाशाने काय होणार, असे कोणी म्हणेल. आपल्याच शहरातील एक जुनी हकीकत सांगतो. शंभरेक वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरात आले होते. 1918 मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. शहरात तेव्हा प्लेगची भीती होती. गेडिस यांनी नुसते हुकूम काढले नाहीत. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, जिथले लोक आपली घरे आणि गल्ल्या अधिक स्वच्छ करतील त्या रस्त्यांनी जाईल, असे त्यांनी जाहीर केले. लोक झाडू घेऊन कामाला लागले. आज इंदूर स्वच्छतेसाठी ओळखले जाते, पण लोकांच्या हौसेला आणि सणाला हाताशी धरून शहर सुधारता येते, हे इथे तेव्हाच सिद्ध झाले होते. मुलांनी नकाशा केला, तर पालक तो पाहायला येतील. पालक आले, तर आपापल्या कॉलनीतील झाकलेली विहीर त्यांना आठवेल.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. रामनवमीच्या त्या दिवशी आपल्या शहराला ठेच लागली, आणि ज्यांना लागली ती 36 माणसे परत येणार नाहीत. आपल्याजवळ अजून निर्णयाची वेळ आहे. विश्वस्त मंडळाला माझी एकच विनंती आहे. ठराव करण्यापूर्वी सर्व सदस्यांनी एकदा मैदानाच्या त्या कोपऱ्यात जावे आणि कठड्यापाशी उभे राहून विहिरीत डोकावून पाहावे. पाणी अजून आहे.